उसनी चाल, आपली पट्टी

*पत्र:* काका, मी २९ वर्षांचा. सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे, दिवस तिथं जातो. संध्याकाळी विश्रामबागेत सात-आठ पोरांना गिटार शिकवतो. न्यूट्रल मिल्क हॉटेल या अमेरिकन बँडचा 'इन द एरोप्लेन ओव्हर द सी' हा १९९८ चा अल्बम मी कॉलेजपासून ऐकतोय. तो अख्खा, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, स्वतः वाजवून-गाऊन रेकॉर्ड करायचं घेतलंय. ११ पैकी ९ झाली. उरलेली दोन बिनशब्दांची आहेत, ती गाळावीत असं वाटतं. मूळ गायक जिथं वर चढतो तिथं माझा आवाज फाटतो. माझं रेकॉर्डिंग 'फार स्वच्छ' येतं, मूळ मात्र 'घाण' असून चांगलं वाटतं, म्हणून संगणकात वरून खरखर घालतो. करवतीच्या आवाजाला की-बोर्ड लावलाय. आता गोदामात रेकॉर्ड करायचा बेत आहे. बहीण म्हणते, मराठीत कर, म्हणजे कुणी ऐकेल तरी. मित्र म्हणतो, दुसऱ्याचं उष्टं कशाला? एका गाण्यात येशूचं नाव घेऊन आळवणी आहे, ती ऐकून आई गप्प झाली. नेटवर टाकलं तर कायद्याचं काही लफडं होईल का? आणि खरं विचारायचं ते हे: माझी स्वतःची चार गाणी तयार आहेत. ती कुणापुढं म्हणायचा धीर होत नाही म्हणून मी या अल्बमच्या आड लपतोय का?
— अकरापैकी नऊ, सांगली

गड्या,

तुझं पत्र आलं तेव्हा मी हा अल्बम ऐकलेला नव्हता. नातीनं मोबाइलवर लावून दिला. पहिल्या खेपेला निम्म्यात उठून चहा टाकला. दुसऱ्या खेपेला पुरता ऐकला. तिसऱ्या खेपेला हार्मोनियम पुढ्यात घेऊन बसलो. उत्तराला दीड महिना लागला तो असा.

आधी मित्राचं उष्टं निकालात काढू. तू राहतोस त्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' केलं, हे शाळेत पाठ केलं असशील. संगीत नाटकांची जुनी छापील पुस्तकं मात्र बहुतेक पाहिली नसशील. एखादं मिळालं तर उघडून बघ. पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'चाल' असं छापून पुढं मूळ गाण्याचे दोन-तीन शब्द दिलेले असतात. कुठली लावणी, कुठलं कानडी पद, कुठली हिंदुस्थानी चीज. चाल कुठून उचलली ते सरळ सांगून टाकायचं आणि मग आपलं पद म्हणायचं, अशी रीत होती. आपल्या हरिपूरचे देवलही त्याच परंपरेतले. त्यांना कुणी उष्टं खाणारे म्हटलं नाही.

फरक आहे, तोही सांगतो. ते चाल घ्यायचे आणि शब्द आपले घालायचे. तू चालही घेतोयस, शब्दही, आणि अकरा गाण्यांचा क्रमही. म्हणजे तुझ्याजवळ आपलं असं घालायला उरलं काय? आवाज, हात आणि ज्या खोलीत बसून वाजवतोस ती खोली. एवढ्यावर अख्खा अल्बम उभा राहतो का? राहतो. पेट्रा हेडन या बाईनं २००५ मध्ये 'द हू' या इंग्लिश बँडचा १९६७ चा एक सबंध अल्बम नुसत्या गळ्यानं केला. गिटार, ड्रम, मधल्या जाहिरातींच्या जिंगल्स, सगळं तोंडानं. तिच्या एका संगीतकार मित्रानं आठ ट्रॅकच्या टेपवर एका ट्रॅकमध्ये मूळ अल्बम भरून दिला होता. उरलेले सात तिचे. मूळ कानात वाजवत ती त्याच्यावर थर चढवत गेली, आणि शेवटी मूळ काढून टाकलं. तुला ही युक्ती आजच्या आज करता येईल. नऊ गाण्यांखालून मूळ ट्रॅक काढ आणि काय उरतं ते ऐक. जिथं तुझं गाणं एकट्यानं उभं राहत नाही, तिथं तू अजून मूळ रेकॉर्डलाच टेकून बसलायस.

आता आवाज फाटण्याचं. यावर जरा बसतो, कारण माझं आयुष्य यातच गेलंय.

तू गाणी मूळ पट्टीत गातोयस, असं तुझ्या पत्रावरून दिसतं. का? अल्बमच्या नावाचं जे गाणं आहे ते पांढरी पाचमध्ये आहे. तुमच्या भाषेत जी. जी, ई मायनर, सी, डी, या चार कॉर्डवर सगळा डोलारा. मूळ गायक जेफ मँगमचा गळा त्या पट्टीला बसला म्हणून त्यानं ती घेतली. तुझा गळा हळदीच्या धुरळ्यात वाढलेला, तो पांढरी तीनचा असेल तर पांढरी तीन घे. आपल्याकडं गवई आला की साथीदाराचा पहिला प्रश्न 'पट्टी कुठली?' हाच असतो, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. रॉकवाल्या पोरांना मात्र मूळ पट्टी सोडली की पाप केल्यासारखं का वाटतं, हे मला कधी कळलं नाही.

पांढरी पाचावरून पांढरी तीन म्हणजे, मधली काळी धरून, तीन पट्ट्या खाली. त्यासाठी कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून कॉर्डचे आकार बदलू नकोस. या गाण्यांची सगळी मजा उघड्या तारांवर दणादण मारण्यात आहे, आकार बदलले की ती जाते. त्यापेक्षा तेराच्या जाड तारा चढव आणि सहाच्या सहा तारा तीन पट्ट्या उतरव. आकार तेच राहतील. तारा थोड्या सैल होतील, पडद्यांना घासतील, किंचित झणझणतील. झणझणू दे, त्याच्याकडं पुढं येतो.

दोन गोष्टी सांभाळ. एक, अगदी आरामात येईल इतकं खाली आणू नकोस. मूळ गाण्यात तो माणूस ताणूनच गातो, सूर जागोजागी निसटायच्या बेतात असतो. सर्वांत वरचा सूर तुला दहातून आठ वेळा लागेल आणि दोनदा हुकेल, इथं पट्टी बांध. दुसरी, जी गाणी एकमेकांना चिकटून येतात त्यांची पट्टी एकत्र हलव. पहिल्यातून दुसरं निघतं, आणि 'टू-हेडेड बॉय' संपतं न संपतं तोच बँडची ती बिनशब्दांची चीज सुरू होते. एकाची पट्टी उतरवलीस आणि दुसऱ्याची तशीच ठेवलीस तर सांधा खट्‌कन वाजेल. मी हे एकदा भर कार्यक्रमात केलंय. दोन पदांच्या मध्ये गायिकेला पट्टी बदलायची होती, मी 'हो हो, करू' म्हणून बसलो. हार्मोनियमवर काय, बोटं सरकवली की झालं. तंबोरा मात्र चारी तारांनी पुन्हा लावायला लागला. पाच-सात मिनिटं सगळं सभागृह नुसतं टुंग-टुंग ऐकत होतं. पुढच्या रांगेतल्या एकानं भडंगाची पुडी सोडली, तिचा आवाज मला अजून ऐकू येतो.

आता ती झणझण. तू लिहिलंयस की तुझं रेकॉर्डिंग 'फार स्वच्छ' येतं आणि मूळ 'घाण' असून चांगलं वाटतं. मिरजेला जा. सांगलीहून शहर बसनं किती वेळ लागतो? सतारमेकर गल्लीत एखाद्या दुकानात शिरून जवारी लावायचं काम चाललं असेल तर तासभर उभा राहा. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण तिला अगदी बारीक उतार असतो. कारागीर कानसीनं तो घासतो, तार लावून छेडतो, ऐकतो, तार काढून पुन्हा घासतो. सपाटी अशी साधायची की तार घोडीला निसटती घासत राहील. मग तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा धागा सरकवून ती नेमकी जागा शोधायची, जिथं आवाज एकदम उघडतो आणि एका तारेतून दहा सूर ऐकू यायला लागतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या हातांचं. सांगायचं ते हे की स्वच्छ तार आम्हाला कधीच नको होती. तिच्यात मुद्दाम, मोजूनमापून खरखर घातली तेव्हा कुठं तंबोरा झाला.

तुझ्या अल्बमवर फझ लावलेला, म्हणजे मुद्दाम आवाज फाडलेला बेस आहे, कोंबून-दाबून भरलेली साधी गिटार आहे. ती खरखर मोजूनच घातलेली आहे. तू काय करतोयस? आधी स्वच्छ रेकॉर्ड करून मग संगणकात वरून घाण ओततोयस. म्हणून ती वर तरंगते. गाताना, वाजवतानाच ती खरखर तुझ्या कानात यायला पाहिजे, म्हणजे हात तिच्या हिशेबानं पडतो. प्रीअँप (माइकचा आवाज वाढवणारं यंत्र) चढवून वाजव आणि नेमकी जागा शोध. ती जरा इकडं-तिकडं झाली तर नुसता गोंगाट होतो.

गोदामात रेकॉर्ड करायचा बेत छान आहे. पोत्यांनी भरलेलं गोदाम आवाज खाऊन टाकतं, रिकामं झालं की घुमतं, हे तुला मी सांगायला नको. मोठं आठ मिनिटांचं गाणं पोती असताना कर, माणूस कानाशी बसून सांगतोय असं वाटलं पाहिजे. ते गाणं मूळात एका दमात गायलेलं आहे, आणि शेवटी मागून कुणीतरी थक्क होऊन ओरडतो तेही तसंच ठेवलंय. तूही तुकडे जोडू नकोस. अडत्याचा पोरगा आहेस, तासन्‌तास सौदे ऐकत उभा राहतोस, आठ मिनिटं काय विशेष?

बिनशब्दांच्या दोन चिजा मात्र अजिबात गाळायच्या नाहीत. मला विचारशील तर सांगलीच्या माणसाला या अल्बममधल्या सर्वांत जवळच्या त्याच. पहिली म्हणजे संथ, शोकाची, पितळी वाद्यांची मिरवणूक. अरे, ही वाद्यं तुझ्या गल्लीतून दर लग्नसराईत जातात! ट्रम्पेट, युफोनियम, साइड ड्रम. की-बोर्डावरचं नकली पितळ वाजवण्यापेक्षा एखाद्या बँडवाल्या मास्तरांना गाठ. आषाढी एकादशीपासून लग्नं बंद असतात आणि गणपतीच्या सुपाऱ्यांना अजून अवकाश असतो, तेवढी फट पकड. सुपारी दे, फुकटात मागू नकोस. सरगम लिहून ने, नाहीतर दोनदा ऐकव, कानानं उचलतील. फक्त एक सांग त्यांना, की जोरात नको. त्यांना सगळ्या जन्मात हे कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरी चीज दहाव्या नंबरची, जिला नावच नाही. तिच्यात आयरिश पाइप वाजतो. पिशवीतल्या हवेवरचं वाद्य, खाली एक सूर अखंड धरलेला आणि वर चाल नाचते. आपल्या सनईवाल्यांची जोडी डोळ्यांपुढं आण. एक जण सनई वाजवतो, दुसरा नुसता सूर धरून असतो, गाल फुगवून, दम न तोडता. काम तेच आहे. सनईवाल्याला नुसती लय ऐकव आणि बाजूला हो. अल्बमच्या नावाच्या गाण्यात करवतीवर गज फिरवून काढलेला तो रडवेला आवाज आहे, त्यालाही की-बोर्ड लावलायस म्हणतोस. मिरजेला जाणारच आहेस, तर दिलरुबा वाजवणारा कुणी भेटतो का बघ. नाहीतर सुताराकडून करवत आणि कुणाकडून व्हायोलिनचा गज माग. मूठ गुडघ्यांत धरायची, पातं वाकवायचं, आठवडाभर शेजारी शिव्या देतील.

बहिणीचं म्हणणं मला पटत नाही. ही गाणी मराठीत आणू नकोस. ॲन फ्रँकची डायरी वाचून त्या माणसाला जो धक्का बसला, तो या अल्बममध्ये ठिकठिकाणी आहे. १९४५ मध्ये छळछावणीत मेलेल्या एका मुलीला तो पुन्हा पुन्हा हाका मारतो. पण हाका सरळ नाहीत. त्यात गाजरांची फुलं आहेत, दोन डोक्यांचा मुलगा आहे. असले शब्द मराठीत आणले की ते एक तर बालगीत होतं नाहीतर कोडं. शिवाय कायदाही आड येतो. भाषांतर करण्याचा हक्क हा मूळ मालकाचा वेगळा हक्क आहे, त्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

कायद्याचं निघालंच आहे तर थोडक्यात. गाण्यात दोन मालमत्ता असतात, एक शब्द आणि चाल, दुसरी ध्वनिमुद्रण. तू स्वतः वाजवतोयस म्हणजे दुसरीला हात लागत नाही, पहिलीला लागतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये ३१ सी हे कलम आलं, ते कव्हरबद्दलच, म्हणजे दुसऱ्याचं गाणं स्वतः गाऊन-वाजवून पुन्हा रेकॉर्ड करण्याबद्दलच आहे. मूळ मुद्रण झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबायचं (ती कधीच सरली), आधी नोटीस द्यायची, मूळ कृतीत बदल करायचे नाहीत, वेष्टनावर 'कव्हर' असं लिहायचं, आणि प्रत्येक कृतीमागं दर वर्षाला किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची. ११ चिजा म्हणजे साडेपाच लाख प्रतींची. तेवढ्यात अडत विकायला लागेल. हे कलम कॅसेट कंपन्यांसाठी लिहिलंय, तुझ्यासाठी नाही. गाणी स्ट्रीमिंगवर चढवून देणाऱ्या काही कंपन्या थोडे पैसे घेऊन कव्हरचा परवाना काढून देतात, त्यातून जा. गीतकाराच्या जागी त्याचंच नाव घाल. व्हिडिओ टाकलास आणि जाहिरातीचे पैसे मूळ मालकाकडं वळले तर वळू देत. आणि वेष्टनावर मूळ अल्बमवरची ती चेहऱ्याच्या जागी डफासारखं काहीतरी असलेली बाई वापरू नकोस. ते चित्र त्यांचं आहे. तुझ्याकडं गोदाम आहे, पोती आहेत, पिवळ्या झालेल्या भिंती आहेत.

आईचं मात्र माझ्यापेक्षा तूच नीट सांगू शकशील. तिला एवढं सांग की त्या गायकानं अल्बमबरोबरच्या कागदावर स्वतःच लिहून ठेवलंय: गातो ते मनापासून, पण ते कुठल्या एका धर्मावर बेतलेलं नाही, सगळ्या गोष्टींच्या आत एक पांढरा उजेड असतो असं त्याला वाटतं, त्याबद्दल आहे. आणि मग तिला मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात घेऊन जा. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर तिथंच आहे, दर वर्षी त्यांच्या नावानं गाणं होतं. तिथं कोण कुणाचं नाव घेऊन गातंय याचा हिशेब कुणी ठेवत नाही. तरीही ती गप्प राहिली तर राहू दे. ऐकून गप्प होणं म्हणजे नापसंतीच असते असं नाही.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न. लपतोयस का? थोडासा लपतोयस. पण नऊ गाणी पुरी करायला जेवढे महिने बसलास, तेवढ्यात कॉर्ड कुठं थांबवायची, आठ मिनिटं माणसाला कसं धरून ठेवायचं, हे तुझ्या हातात उतरलंच असेल. आमच्याकडं विद्यार्थी वर्षानुवर्षं गुरूच्या चिजा गातो, त्याला कुणी लपलास म्हणत नाही. फक्त, रेकॉर्डिंग नेटवर टाकण्याआधी एकदा माणसांपुढं वाजव. जेमतेम ४० मिनिटांचा ऐवज आहे. गोदामात चाळीस खुर्च्या मांड, तिकीट लावू नकोस. हौशी मंडळानं बिनातिकिटाच्या श्रोत्यांपुढं केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे. गाण्यांच्या मध्ये बोलू नकोस, ॲन फ्रँक समजावून सांगू नकोस. शेवटच्या गाण्याच्या शेवटी तो माणूस गिटार खाली ठेवून उठतो आणि चालत जातो, ते रेकॉर्डमध्ये ऐकू येतं. तूही तसाच ऊठ आणि शटरमधून बाहेर जा. टाळ्यांसाठी परत येऊ नकोस.

म्हणजे त्यानंतर तुझं गाणं म्हणायला जागा उरत नाही. म्हणून ते आधी म्हण. चारातलं एक, सर्वांत छोटं. नाटकाआधी नांदी असते तशी. नांदीच्या वेळी लोक खुर्च्या शोधत असतात, चपला कुठं काढल्या बघत असतात, कुणीतरी पोराला गप्प करत असतं. धीर नसलेल्या माणसाला याहून चांगला श्रोता मिळायचा नाही. डोक्यावर 'चाल – स्वतःची' असं सांगायचीही गरज नाही.

तारीख आषाढी एकादशी झाली की लगेच ठेव. मी सांगलीवाडीला राहतो. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की घरचे मला दाराबाहेर पडू देत नाहीत, आणि बँडवाल्यांना हळू वाजवताना मला ऐकायचंय.

— तुझा काका